लायब्ररी सापडत नाही

पायथनमध्ये चित्रांवर काम करायचं असेल तर बहुतेक जण पिलो ही लायब्ररी घेतात. प्रमाणपत्रांवर विद्यार्थ्यांची नावं छापायची असोत की दिवाळीचं शुभेच्छापत्र करायचं असो, आठ-दहा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये काम उरकतं. या प्रोग्रॅमला 'किल्ला' हा शब्द देऊन पाहा. एखाद्या लिनक्स मशीनवर तो अगदी नीट उमटेल. तोच प्रोग्रॅम, तोच फाँट आणि पिलोची तीच आवृत्ती विंडोजच्या लॅपटॉपवर नेली, की क च्या आधी यायची वेलांटी क च्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षर सुटून पाय मोडलेला ल वेगळा दिसतो. प्रोग्रॅम थांबत नाही. काही चुकलं असंही सांगत नाही. छापून झालेली प्रमाणपत्रं ज्यांच्या हातात पडतात, त्यांनाच ते कळतं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात: 'कि' मध्ये आधी क, मग वेलांटी. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ही अदलाबदल करणं, दोन व्यंजनांसाठी जोडाक्षराचा आकार निवडणं, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवणं ही कामं हार्फबझ नावाची, सी++ मध्ये लिहिलेली लायब्ररी करते. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस यांत आपली देवनागरी नीट दिसते ती तिच्यामुळे. पिलो हार्फबझशी थेट बोलत नाही. मध्ये रक्म नावाची छोटी लायब्ररी आहे. रक्मला आणखी एक लायब्ररी लागते, फ्रीबिडी. अरबी, हिब्रू यांसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांचा क्रम लावणं हे फ्रीबिडीचं काम. मराठीला तिची गरज नाही. पण ती नसेल तर रक्म चालत नाही, आणि रक्म नसेल तर पिलोला हार्फबझपर्यंत पोचता येत नाही. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या पिलो ८.२.० पासून तयार पॅकेजमध्ये रक्म सोबत येऊ लागली, फ्रीबिडी मात्र प्रोग्रॅम चालताना वापरणाऱ्याच्या मशीनवर शोधली जाते. लिनक्सच्या डेस्कटॉपवर ती बहुधा असतेच. विंडोजवर सहसा नसते. सापडली नाही की पिलो साध्या मांडणीवर उतरते, म्हणजे साठवलेल्या क्रमानेच अक्षरं एकापुढे एक ठेवते.

ज्याला मराठीत काही छापायचं आहे त्याने प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच रक्म उपलब्ध आहे का, हे पिलोला विचारावं. त्यासाठी तिच्यात एका ओळीची सोय आहे. उत्तर 'नाही' आलं तर स्पष्ट शब्दांत सांगून तिथेच थांबावं. एवढ्याने निम्मा त्रास वाचतो. पण इथे आपल्याला त्यामागचा मोठा प्रश्न पाहायचा आहे. नेटिव्ह कोडचा, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांमध्ये बदलणाऱ्या कोडचा, प्रत्येक प्रकल्प काही गोष्टी गृहीत धरून बांधलेला असतो: अमुक प्रोसेसर, अमुक ऑपरेटिंग सिस्टिम, अमुक लायब्ररीची अमुक आवृत्ती. यातलं काय लिहून ठेवलं, काय नुसतं मनात ठेवलं, आणि जे लागतं ते पुरवण्याचं काम कुणाच्या अंगावर टाकलं, यावरून प्रकल्पाची खरी गुणवत्ता कळते असं माझं मत आहे. ते काम नाहीसं कधीच होत नाही. बनवणाऱ्याने टाळलं तर ते वापरणाऱ्या हजारो लोकांच्या वाट्याला जातं.

प्लॅटफॉर्म म्हणजे नेमकं काय

पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम निरनिराळ्या मशीनवर चालतो, कारण तो वाचणारा इंटरप्रिटर त्या-त्या मशीनवर आधीच बसवलेला असतो. सी, सी++, रस्ट, फोर्ट्रान यांतला कोड मात्र कंपायलरमधून गेला की एका विशिष्ट प्रोसेसरच्या सूचनांमध्ये बदलतो. इंटेलच्या लॅपटॉपसाठी तयार केलेल्या सूचना मोबाइलमधल्या आर्म प्रोसेसरला कळत नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण प्रोसेसर सारखा असूनही भेद राहतात, आणि तेच जास्त छळतात.

सी भाषेतला 'लाँग' हा पूर्णांकांचा प्रकार घ्या. ६४ बिटच्या लिनक्सवर आणि मॅकवर तो ८ बाइटचा असतो. त्याच प्रोसेसरवर विंडोज असेल तर ४ बाइटचा. हा निर्णय ऑपरेटिंग सिस्टिम घडवणाऱ्यांनी आपापल्या सोयीने घेतलेला आहे, दोन्ही बाजूंना त्याची कारणं आहेत, आणि आता तो बदलणं अशक्य आहे. त्याचा परिणाम सीच्या बाहेरही पोचला. आकडेमोडीसाठी जगभर वापरली जाणारी नमपाय ही पायथन लायब्ररी आतून सीमध्ये लिहिलेली आहे, आणि तिचा नेहमीचा पूर्णांक अनेक वर्षं या 'लाँग'वर आधारलेला होता. म्हणून विंडोजवर बेरीज करताना उत्तर २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेलं की ते उलटून ऋण होई. लिनक्सवर तीच बेरीज बरोबर येई. जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० ने विंडोजवरही नेहमीचा पूर्णांक ६४ बिटचा केला. एका अध्यापकाने लिहून दिलेला प्रोग्रॅम विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर वेगळं उत्तर देतो आणि दोघांचंही काही चुकलेलं नसतं, ही स्थिती इतकी वर्षं चालू होती.

म्हणून कंपायलरच्या जगात प्लॅटफॉर्मचं नाव एका शब्दाचं नसतं. रस्टच्या कंपायलरला विचारलं तर तो 'एक्स८६_६४-अननोन-लिनक्स-जीएनयू' असं लांबलचक नाव सांगतो. पहिला भाग प्रोसेसरचा, दुसरा बनवणाऱ्या कंपनीचा (इथे माहीत नाही), तिसरा ऑपरेटिंग सिस्टिमचा आणि शेवटचा सीच्या मूळ लायब्ररीचा. हा शेवटचा भाग नवख्या माणसाच्या नजरेतून हमखास सुटतो. 'लिनक्ससाठी' असं म्हटलं की काम झालं असं त्याला वाटतं. खरं तर लिनक्सच्या बहुतेक वितरणांत जीएनयूची जीलिबसी असते, तर अल्पाइन या छोट्या वितरणात मसल असते, आणि एकीवर बांधलेला प्रोग्रॅम दुसरीवर सहसा चालत नाही.

रस्ता सांगण्याची रीत

नेटिव्ह प्रोग्रॅम स्वतःच्या पोटात सगळं घेऊन फिरत नाही. फाइल उघडणं, मेमरी मागणं, मजकूर गुप्त करणं यासाठी तो मशीनवर आधीच असलेल्या लायब्रऱ्यांकडे बोट दाखवतो. गावातला माणूस पाहुण्याला 'वडापासून डावीकडे, मग पाटलांच्या वाड्यामागे' असा रस्ता सांगतो; त्या गावात तो अचूक असतो, पण तीच चिठ्ठी दुसऱ्या गावात उघडली तर तिथे वड नसतो. कंपायलरने तयार केलेल्या फाइलमध्ये अशा चिठ्ठ्या भरलेल्या असतात आणि त्या बांधणाऱ्याच्या मशीनवरच्या खुणा बघून लिहिलेल्या असतात.

युनिक्सच्या इतिहासात हा प्रश्न फार लवकर ओळखला गेला होता. बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकात सी भाषा स्थिरावत होती तेव्हा स्टीव्ह जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी सीचे प्रोग्रॅम एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायचे प्रयत्न केले. त्यांना अडथळा प्रोसेसरचा वाटत होता. प्रत्यक्षात समोरच्या मशीनवरची ऑपरेटिंग सिस्टिम तितकाच मोठा अडथळा ठरली. मग त्यांनी एक धाडसी मार्ग निवडला: प्रोग्रॅम हलवण्याऐवजी ऑपरेटिंग सिस्टिमच हलवायची. १९७७ मध्ये त्यांनी इंटरडेटा ८/३२ या मशीनसाठी युनिक्स तयार करायला घेतली आणि १९७८ मध्ये त्यावर लेख लिहिला. आज डॉकरच्या कंटेनरमध्ये आपण प्रोग्रॅमसोबत त्याच्या सगळ्या लायब्रऱ्या आणि फाइली बांधून पाठवतो, तेव्हा त्याच विचाराचं धाकटं रूप वापरत असतो.

पुढे युनिक्सचे फाटे फुटले. प्रत्येक कंपनीची युनिक्स थोडी वेगळी, त्यामुळे सोर्स कोडमध्ये 'सन असेल तर हे, एचपी असेल तर ते' अशा अटींचं रान माजलं. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ लिहायला सुरुवात केली, आणि त्यातला विचार मला आजही फार मोलाचा वाटतो. ऑटोकॉन्फने बनवलेली 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट मशीनला त्याचं नाव विचारण्यावर भर देत नाही. ती सीचा एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिते, तो कंपाइल करून पाहते, आणि झाला तर अमुक फंक्शन इथे आहे अशी नोंद करते. नावावरून अंदाज बांधण्यापेक्षा हे खूपच भरवशाचं. उद्या एखादी नवी सिस्टिम आली, जिचं नाव लेखकाने कधी ऐकलेलंही नाही, तरी चाचणी चालते.

या चांगल्या कल्पनेतूनच एक वाईट सवय जन्माला आली. 'सापडलं तर वापर, नाही तर सोडून दे' असं स्क्रिप्टला सांगणं सोपं असतं. मग बांधणाऱ्याच्या मशीनवर पूर्वी कधीतरी कशासाठी तरी बसवलेली लायब्ररी सापडते, प्रोग्रॅम तिच्याशी जोडला जातो, आणि हे कुणी मागितलेलंही नसतं. दुसऱ्या मशीनवर ती नसते, म्हणून तिथे तयार होणारा प्रोग्रॅम निराळा. सोर्स कोड एक, आज्ञा एक, पण हाती येणाऱ्या वस्तू दोन. हा घोळ शोधून काढायला दिवसचे दिवस जातात, कारण चुकीची अशी एकही ओळ कोडमध्ये नसते. मेसॉनसारख्या आजच्या बिल्ड साधनांत यावर नेटका उपाय आहे. प्रत्येक ऐच्छिक डिपेंडन्सीला, म्हणजे बाहेरून लागणाऱ्या लायब्ररीला, तीन स्थिती असतात: हवीच, नकोच, किंवा सापडली तर चालेल. 'हवीच' म्हटलं आणि ती मिळाली नाही तर बिल्ड तिथेच फुटतो. इतरांना देण्यासाठी प्रोग्रॅम बांधत असाल तर तिसरी स्थिती पूर्ण बंद करावी. घरच्या प्रयोगापुरती ती ठीक आहे.

जुन्यावर बांधा

जीलिबसीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण लिनक्सवर 'आवृत्ती सापडली नाही' असा जो एरर अनेकांनी पाहिलेला असतो त्याचं मूळ इथे आहे.

मेमरीतला मजकूर एका जागेहून दुसरीकडे उतरवणारं 'मेमकॉपी' हे सीचं एक अगदी मूलभूत फंक्शन आहे. त्याचा नियम असा, की मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. अनेक प्रोग्रॅम हा नियम मोडत होते आणि तरी निभावत होतं. २०१० च्या अखेरीस फेडोरा १४ या वितरणात मेमकॉपी अधिक वेगवान करण्यात आलं, मजकूर उतरवण्याची दिशा बदलली, आणि अॅडोबीच्या फ्लॅश प्लेअरमधला आवाज खरखरू लागला. नियम मोडणारा फ्लॅश होता. पण लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स स्वतः त्या चर्चेत उतरले आणि चालणारी गोष्ट बिघडवू नका, असा त्यांचा आग्रह होता. अखेर जीलिबसी २.१४ मध्ये तोडगा निघाला. मेमकॉपी या एका नावाच्या दोन आवृत्त्या ठेवल्या: आधी बांधलेल्या प्रोग्रॅमना जुनी, सुरक्षित वागणूक मिळेल, नव्याने बांधलेल्यांना नवी.

जुन्या प्रोग्रॅमची इतकी काळजी घेणारी ही व्यवस्था सुंदर आहे. पण ती एकाच दिशेने चालते. जुन्या सिस्टिमवर बांधलेला प्रोग्रॅम नव्यावर चालतो. नव्यावर बांधलेला जुन्यावर चालेलच असं नाही. तुमच्या प्रोग्रॅमने २.१४ नंतरच्या लिनक्सवर मेमकॉपी वापरलं, की त्याच्या चिठ्ठीत '२.१४ हवी' असं लिहिलं जातं. सेंटओएस ६ या वितरणात जीलिबसी २.१२ होती, त्यामुळे तिथे असा प्रोग्रॅम सुरूच होत नसे. प्रोग्रॅमरने काही नवं मागितलेलं नसतं. तो फक्त नव्या मशीनवर बसून काम करत असतो.

पायथनवाल्यांनी २०१६ मध्ये यातूनच एक सोपा नियम घडवला. तोपर्यंत नमपाय किंवा सायपाय लिनक्सवर पिप या पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने बसवायची म्हणजे वापरणाऱ्याकडे सी आणि फोर्ट्रानचे कंपायलर आणि बीजगणिताच्या लायब्रऱ्या असणं भाग होतं. विंडोजवर तर अवस्था आणखी बिकट होती. तिथे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतले ख्रिस्तोफ गोल्के कित्येक वर्षं शेकडो पॅकेजं स्वतः बांधून सगळ्यांसाठी ठेवत होते. एका माणसाच्या त्या कष्टांवर जगभरच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास उभा होता, आणि त्याची जेवढी नोंद व्हायला हवी तेवढी झालेली नाही. लिनक्ससाठी ठरलेला नियम 'मेनीलिनक्स' या नावाने ओळखला जातो: २००७ सालच्या सेंटओएस ५ वर, म्हणजे जीलिबसी २.५ वर प्रोग्रॅम बांधायचा, सगळ्या सिस्टिमवर नक्की असतात अशा मोजक्याच लायब्रऱ्या बाहेरून घ्यायच्या, आणि बाकीच्या पॅकेजच्या आत कोंबायच्या. सर्वांत जुन्यावर बांधलेलं पुढे सगळीकडे चालतं. नंतर सेंटओएस ६ आणि ७ वर आधारलेल्या आवृत्त्या आल्या. पुढे वितरणाचं नाव सोडून थेट जीलिबसीचा आकडाच पॅकेजच्या नावात घालायचं ठरलं, उदाहरणार्थ 'मेनीलिनक्स_२_१७'. हा बदल मला विशेष आवडतो, कारण जे खरोखर गृहीत धरलं आहे तेच नावात आलं. आज पिपने दोन सेकंदांत नमपाय बसते तेव्हा बनवणाऱ्यांनी ते सगळं काम आपल्या अंगावर घेतलेलं असतं.

लायब्रऱ्या आत कोंबण्याची किंमतही असते. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत एक गंभीर दोष सापडला. मुद्दाम घडवलेल्या एका चित्रामुळे हल्लेखोराला मशीनवर आपला कोड चालवता येण्याची भीती होती. लिनक्सच्या वितरणांनी आपापली लिबवेबपी तातडीने दुरुस्त केली. पण पिलोच्या पॅकेजच्या पोटात तिची स्वतंत्र प्रत होती, आणि ऑपरेटिंग सिस्टिम कितीही अद्ययावत केली तरी त्या प्रतीला हात लागत नव्हता. पिलोने काही दिवसांतच १०.०.१ ही आवृत्ती काढली. ज्यांनी ती घेतली ते सुटले. म्हणून जो प्रकल्प दुसऱ्याच्या लायब्ररीची प्रत स्वतःसोबत वाटतो, त्याने तिच्या सुरक्षेची जबाबदारीही घेतलेली असते. प्रत ठेवली आणि तिच्याकडे पाठ फिरवली, असं चालत नाही.

कुलूप एका मशीनचं

नेटिव्ह कोडचा प्रश्न फक्त सी-सी++ वाल्यांचा राहिलेला नाही. वेबसाइट बनवणारी मुलं जावास्क्रिप्टमध्येच काम करतात, पण त्यांची साधनं वेगासाठी गो किंवा रस्टमध्ये लिहिली जाऊ लागली आहेत. ईएसबिल्ड गोमध्ये आहे. रोलअप या साधनाने ऑक्टोबर २०२३ मधल्या चौथ्या आवृत्तीपासून कोड वाचण्याचं काम रस्टमध्ये लिहिलेल्या भागाकडे दिलं. अशा साधनाचा नेटिव्ह भाग प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतात. मुख्य पॅकेज त्या सगळ्यांची यादी 'ऐच्छिक' म्हणून देतं, आणि प्रत्येक छोट्या पॅकेजवर आपलं ऑपरेटिंग सिस्टिमचं व प्रोसेसरचं नाव असतं. पॅकेजं बसवणाऱ्या एनपीएम या साधनाने आपल्या मशीनला जुळणारं तेवढं उतरवून घ्यायचं. कल्पना अगदी योग्य आहे. वापरणाऱ्याकडे कंपायलर लागत नाही, आणि नको असलेल्या प्लॅटफॉर्मचा बोजाही पडत नाही.

गफलत लॉकफाइलमध्ये झाली. प्रकल्पात नेमक्या कोणत्या आवृत्त्या वापरल्या याची नोंद ठेवणारी ही फाइल सगळ्या सहकाऱ्यांना सारखी मिळावी म्हणून कोडसोबत जपून ठेवतात. एनपीएममधल्या एका दोषामुळे काही परिस्थितीत तिच्यात फक्त ज्या मशीनवर ती तयार झाली त्याच प्लॅटफॉर्मच्या पॅकेजची नोंद होई. मॅकवर काम करणाऱ्या डेव्हलपरकडे सगळं सुरळीत. तीच फाइल लिनक्सच्या सर्व्हरवर गेली, की रोलअपचा लिनक्सचा भाग सापडत नाही म्हणून बिल्ड फुटे. रोलअपच्या लेखकांनी मग आपल्या एररमध्येच लिहून टाकलं, की एनपीएममध्ये असा दोष आहे, लॉकफाइल आणि उतरवलेली पॅकेजं काढून पुन्हा बसवून पाहा. एरर असाच असावा: काय नाही, का नसेल आणि आता काय करायचं, तिन्ही गोष्टी एका जागी. मात्र तो उपाय डोळे झाकून करू नये. लॉकफाइल पुसली की बाकीच्या सगळ्या डिपेंडन्सींच्या आवृत्त्याही मोकळ्या सुटतात, आणि ज्या स्थैर्यासाठी ती ठेवली होती तेच जातं. फाइल नव्याने तयार झाल्यावर जुनीशी ताडून पाहावी आणि मगच स्वीकारावी.

यातून एक साधी गोष्ट लक्षात येते. बसवायचं एकाच प्लॅटफॉर्मचं असलं तरी नोंद मात्र सगळ्यांची हवी. पायथनच्या डिपेंडन्सी यादीत 'हे पॅकेज फक्त विंडोज असेल तर' अशी अट त्याच ओळीत लिहिता येते. रस्टच्या कार्गोमध्येही प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी वेगळा विभाग करता येतो. अट अशी यादीत असेल तर दुसऱ्या मशीनवर बसलेल्या माणसालाही ती दिसते, साधनांनाही वाचता येते. तीच अट इन्स्टॉल करणाऱ्या स्क्रिप्टच्या पोटात लपवली, तर स्क्रिप्ट चालवल्याशिवाय कुणालाच काही कळत नाही.

आणि तपासणी? ती कोऱ्या मशीनवर व्हावी. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर कंपायलर असतात, हेडर फाइली असतात, वर्षभरात बसवलेल्या असंख्य गोष्टी असतात; तिथे चाललं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. कंपायलरच नसलेल्या रिकाम्या कंटेनरमध्ये, रिकाम्या विंडोजवर पॅकेज बसवून पाहावं. प्रत्येक बदलानंतर ही तपासणी आपोआप करून देणाऱ्या सेवा मुक्त स्रोत प्रकल्पांना फुकट मिळतात, त्यामुळे ती न करण्याला आज फारसं कारण उरलेलं नाही.

कोणाला मागे ठेवायचं

सगळ्या प्लॅटफॉर्मना सांभाळणं मात्र कुणालाच जमत नाही, आणि तिथे खरा पेच येतो. पायथनच्या 'क्रिप्टोग्राफी' या लायब्ररीवर अगणित प्रकल्प उभे आहेत. तिच्या लेखकांना सी भाषेतल्या मेमरीच्या चुकांची धास्ती होती, आणि ती रास्त होती. इंटरनेटवरून येणारा अनोळखी मजकूर वाचणाऱ्या कोडमध्ये अशी एक चूक पुरते. म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ३.४ आवृत्तीत त्यांनी रस्टचा वापर सुरू केला. ज्यांच्या प्लॅटफॉर्मसाठी तयार पॅकेज होतं आणि ज्यांचं पिप ते ओळखण्याइतकं नवं होतं, त्यांना काही जाणवलंही नाही. पण अल्पाइनवर मसल असल्याने तिथे तेव्हा तयार पॅकेजं चालत नव्हती. प्रत्येक कंटेनर ही लायब्ररी सोर्सपासून बांधत असे. अल्पाइनच्या कंटेनरमध्ये रस्टचा कंपायलर नव्हता. एका रात्रीत अनेकांचे बिल्ड फुटले आणि लेखकांवर रागाचा भडिमार झाला.

तात्पुरती सोय म्हणून ३.४ मध्ये एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून रस्ट टाळता येत होतं. मसलसाठी तयार पॅकेजांचं 'मसललिनक्स' हे प्रमाण त्याच वर्षी ठरलं आणि अल्पाइनवाल्यांचा प्रश्न यथावकाश मिटला. उरले ते निराळेच लोक. अल्फा, एचपीची पीए-रिस्क, मोटोरोला ६८००० घराण्यातली मशीन्स: यांच्यावर लिनक्स चालू ठेवणारे स्वयंसेवक जेन्टू आणि डेबियन या वितरणांत आहेत. रस्टचा कंपायलर प्रोसेसरच्या सूचना तयार करण्यासाठी एलएलव्हीएम या प्रकल्पावर उभा आहे आणि एलएलव्हीएमला हे प्रोसेसर तेव्हा येत नव्हते. सीचा कंपायलर या सगळ्यांसाठी होता, म्हणून आजवर निभावलं होतं. क्रिप्टोग्राफीच्या लेखकांनी कधी या मशीनना आधार देण्याचं वचन दिलं नव्हतं. सगळं गृहीत होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ३५.० आवृत्तीत रस्ट टाळायची सोय गेली.

माझ्या मते लेखक बरोबर होते. कोट्यवधी लोकांची सुरक्षा आणि मूठभर जुनी मशीन्स यांत त्यांनी केलेली निवड योग्यच होती. तरी ती निवड ३.४ येण्याच्या कित्येक महिने आधी, ठळक अक्षरांत, कोणते प्लॅटफॉर्म आम्ही तपासतो आणि कोणते नाही या यादीसह जाहीर झाली असती, तर त्या आठवड्यातला बराच संताप टळला असता.

मोटोरोला ६८००० वर प्रेम करणारे मात्र भांडून थांबले नाहीत. १९८४ चा पहिला मॅकिंटॉश आणि अमिगा ज्या प्रोसेसरवर चालले, त्याच्यासाठी एलएलव्हीएमचा नवा भाग स्वयंसेवकांनी आधीच लिहायला घेतला होता. मार्च २०२१ मध्ये तो प्रायोगिक म्हणून मुख्य प्रकल्पात सामील झाला, आणि त्यानंतर रस्टच्या अधिकृत यादीतही या प्रोसेसरचं लिनक्स आलं. ते तिसऱ्या श्रेणीत आहे: कोड ठेवला आहे, पण तो बांधला जाईल किंवा चालेल याची हमी प्रकल्प देत नाही. ती श्रेणी आणि तिचा अर्थ रस्टच्या दस्तऐवजांत स्पष्ट लिहिलेला आहे.